चोरट्या प्रतींनी राखलेला इतिहास

विजेता विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडातल्या जमिनी, नांगर, पाणगिरण्या आणि कुळे यांची मोजदाद करून घेतली. तिचे दफ्तर लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहे, आणि लॅटिन येणाऱ्याला ते आजही वाचता येते. या ‘डूम्सडे बुक’ला नऊशे वर्षे होत होती म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये त्याची नवी, संगणकीय आवृत्ती काढली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत शाळकरी मुलेच बहुसंख्य, आपापल्या गावाची माहिती लिहून दिली, छायाचित्रे दिली. त्यात नकाशांची आणि सरकारी आकडेवारीची भर पडली. हे सारे बारा इंची लेझर डिस्कवर साठवले गेले. ती चालवायला फिलिप्स कंपनीचा खास प्लेअर आणि बीबीसी मास्टर संगणक लागे. हा संच इतका महाग होता की ज्या शाळांतल्या मुलांनी मजकूर लिहिला, त्यांतल्या बहुतेकींना तो घेणे झेपले नाही. पंधरा वर्षे उलटेपर्यंत प्लेअर दुर्मीळ झाले, संगणक अडगळीत गेले आणि एवढ्या गाजावाजाने केलेल्या राष्ट्रीय नोंदीचे पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर, लिहून तो मजकूर पुन्हा पडद्यावर आणला, तेव्हा निभावले.

या राष्ट्रीय प्रकल्पाच्या तीन वर्षे आधी, १९८३ मध्ये, मॅथ्यू स्मिथ या अठराही पूर्ण न झालेल्या मुलाने ‘मॅनिक मायनर’ नावाचा खेळ लिहिला. खाणीत उतरलेला एक खाणकामगार, त्याच्यावर चाल करून येणारी चमत्कारिक यंत्रे आणि प्राणी, हवा संपायच्या आत गोळा करायच्या किल्ल्या, एवढाच मामला. सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी तो ५ पौंड ९५ पेन्सला कॅसेटवर विकला गेला. तो जतन करावा असे कोणत्याही मंत्रालयाला, विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. तरीही तो खेळ कधीच मरणाच्या दारात गेला नाही. आज तो हव्या त्या संगणकावर, मोबाइलवर चालतो, त्याचा प्रत्येक बाइट उलगडून समजावलेला आहे. राष्ट्राने जपायचे ठरवलेले जेमतेम वाचले आणि कोणीच जपायचे न ठरवलेले सहज टिकले, हा योगायोग नाही. जुन्या घरगुती संगणकांबद्दलच्या स्मरणरंजनाची आपल्याकडे आणि परदेशातही थट्टाच होते. पन्नाशीतल्या पुरुषांनी बालपणाची खेळणी कवटाळून बसावे तसे ते दिसते. माझे म्हणणे असे की घरगुती संगणकाच्या पहिल्या दशकाची दफ्तरदारी याच लोकांनी केली, ती बिनपगारी केली आणि बरीचशी बेकायदा केली. आणि ज्या गोष्टीवर असे कोणाचे प्रेम जडले नाही, ती गोष्ट महत्त्वाची असूनही आपण गमावत आहोत.

मुळात स्पेक्ट्रम हे यंत्र काय होते ते पाहिले पाहिजे, कारण टिकण्याचे निम्मे रहस्य त्याच्या स्वस्तपणात आहे. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झाला. १६ किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. पडदा वेगळा नव्हता, घरचा टीव्ही जोडायचा. डिस्क नव्हती, घरचा टेपरेकॉर्डर जोडायचा. कळफलक रबराचा. संगणक सुरू केला की समोर बेसिक या भाषेची कोरी जागा येई. खेळायचे असेल तर लोड करण्याची आज्ञा देऊन टेप सुरू करायची आणि चार-पाच मिनिटे थांबायचे. त्या वेळात टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावत आणि टेपमधून किंचाळल्यासारखा आवाज येई, कारण प्रोग्रामचे शून्य आणि एक हे कॅसेटवर आवाजाच्या लांब-आखूड स्पंदांच्या रूपात नोंदलेले असत. संगणकासाठी वेगळे असे काही माध्यमच नव्हते. होती ती गाण्यांची कॅसेट. साहजिकच गाण्याची कॅसेट जशी उतरवून घेतली जाई तसाच खेळही उतरवून घेतला जाई. दोन कॅसेटी एकदम बसणारे टेपरेकॉर्डर ज्या घरात होते, त्या घरात बटण दाबले की प्रत तयार. असे टेपरेकॉर्डर विकणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला संगीत कंपन्यांनी न्यायालयात खेचले होते आणि १९८८ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अ‍ॅमस्ट्रॅडच्या बाजूने निकाल दिला. याच अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ५० लाख पौंडांना विकत घेतला होता. म्हणजे ज्या खेळांच्या चोरीची ओरड होत होती ते ज्यावर चालत तो संगणक, आणि ज्याने चोरी सोपी झाली ते टेपयंत्र, दोन्ही एकाच दुकानाची झाली. नियतीला विनोदबुद्धी असते ती अशी.

प्रकाशकांनी अर्थातच उपाय केले. ‘मॅनिक मायनर’चा पुढचा भाग ‘जेट सेट विली’ १९८४ मध्ये आला तो रंगीत चौकटींचे एक कार्ड सोबत घेऊन. संगणक विचारील त्या चौकटीतले रंग सांगितले तरच खेळ उघडे. रंगीत झेरॉक्स तेव्हा सहजी मिळत नव्हती, त्यामुळे युक्ती बरी होती; पण कार्ड हरवले की पैसे मोजून घेतलेली अस्सल कॅसेटही निरुपयोगी. ‘एलीट’ या खेळाच्या स्पेक्ट्रम आवृत्तीसोबत १९८५ मध्ये ‘लेन्सलॉक’ नावाचे प्लास्टिकचे भिंग आले. पडद्यावर तुकडे-तुकडे झालेली अक्षरे त्यातून पाहिली की जुळत. टीव्हीचा आकार फार लहान-मोठा असेल तर ती जुळत नसत, आणि काही प्रतींसोबत तर दुसऱ्याच खेळाचे भिंग गेले. या कुलपांचा हेतू चोर थांबवणे हा होता. परिणाम मात्र असा झाला की प्रामाणिक गिऱ्हाइकाची प्रत कार्ड, भिंग आणि विशिष्ट टेप यांच्या आयुष्याला बांधली गेली, आणि कुलूप फोडून मोकळी केलेली चोरटी प्रत कोणत्याही टेपवर, पुढे कोणत्याही डिस्कवर, कितीही वेळा उतरत राहिली. चाळीस वर्षांनी हिशेब मांडला तर अनेक खेळांच्या बाबतीत आज सहज हाताशी असलेली प्रत म्हणजे कोणा अनामिक पोराने रात्री जागून फोडलेली प्रत आहे. कमोडोर ६४ या अमेरिकी संगणकाच्या जगात तर कुलूप फोडणाऱ्या टोळ्या खेळाच्या आधी स्वतःची सही म्हणून छोटे चलचित्र आणि संगीत जोडत. त्या सह्यांतूनच ‘डेमोसीन’ ही स्वतंत्र कला उभी राहिली. यंत्राच्या मर्यादा ताणून दृश्य-संगीताची करामत दाखवायची, एवढाच तिचा उद्देश. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये ही कला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत घातली. चोरांच्या सहीला सरकारी शिक्का मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

जिथे बाजारच नव्हता तिथे तर नक्कल हेच प्रकाशन होते. पाश्चात्त्य तंत्रज्ञान पूर्व युरोपात विकण्यावर निर्बंध होते, तरी स्पेक्ट्रम प्रवाशांच्या सामानातून पोहोचला. मग त्याच्या स्थानिक नकला निघाल्या, स्लोव्हाकियात ‘डिडाक्टिक गामा’, सोव्हिएत संघात ‘लेनिनग्राड’ आणि ‘पेंटागॉन’. बेलग्रेडच्या रेडिओवर झोरान मोदली आपल्या कार्यक्रमात खेळांच्या कॅसेटचा तो किंचाळणारा आवाज सरळ प्रक्षेपित करत आणि श्रोते घरी तो टेप करून संगणकावर चालवत. चेकोस्लोव्हाकियात खेळ विकणारे दुकान नव्हते. सरकारच्या निमलष्करी हौशी संघटनेच्या छत्राखाली संगणक-मंडळे चालत आणि कॅसेटी तिथून हातोहात फिरत. जानेवारी १९८९ मध्ये, सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ यान पालाख या विद्यार्थ्याने केलेल्या आत्मदहनाला वीस वर्षे झाली त्या आठवड्यात, प्रागच्या वेन्सेस्लास चौकात जमलेल्या निदर्शकांना पोलिसांनी झोडपले. त्यानंतर स्पेक्ट्रमसाठी एक शब्दखेळ फिरू लागला. चित्र नाही, नुसता मजकूर. नायक हॉलिवूडचा इंडियाना जोन्स, आणि जागा-तारीख हीच, वेन्सेस्लास चौक, १६ जानेवारी. लेखकाने नाव घातले नव्हते, घालणे शक्यच नव्हते. पोलिसांच्या काठीखाली नायक पुन्हा पुन्हा मरतो आणि संधी मिळाली की उलटा वारही करतो. संगणकीय खेळांतून राजकीय निषेध कधी सुरू झाला हे शोधणाऱ्या अभ्यासकांना हा दस्तऐवज टाळून पुढे जाता येत नाही. यारोस्लाव श्वेल्ख यांनी २०१८ मध्ये या देशाच्या खेळ-इतिहासावर पुस्तक लिहिले, त्यातही या परंपरेला महत्त्वाची जागा आहे. हा खेळ कोणत्या दफ्तरात मिळाला असता? सेन्सॉरच्या राज्यात तो छापला गेला नाही, नोंदवला गेला नाही, विकला गेला नाही. एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्याच्या कॅसेटवर उतरला, म्हणून आहे.

कॅसेटींचा ढीग आपोआप संग्रह होत नाही, हे खरे. चुंबकीय फीत उतरत जाते, तिच्यावरचा थर झडतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेक्ट्रमचे इम्युलेटर आले तेव्हा हौशी मंडळींनी खेळ संगणकावर घ्यायला सुरुवात केली ती स्मृतीचे छायाचित्र काढून. म्हणजे खेळ चालू असताना त्या क्षणी ४८ किलोबाइटमध्ये जे जे आहे ते उतरवून. खेळ चाले, पण सुरुवातीचे चित्र, लोड होण्याची पद्धत, प्रकाशकाचे कुलूप हे सगळे निसटे. हे त्यांच्याच लक्षात आले आणि १९९७ मध्ये टीझेडएक्स ही नवी पद्धत आली, जिच्यात टेपवरचा प्रत्येक स्पंद त्याच्या मूळ लांबीसह नोंदवता येतो. कोणत्या कारखान्यातून निघालेली प्रत, कोणती पुनरावृत्ती, कोणते कुलूप, हे सगळे तिच्यात राहते. हस्तलिखितांच्या अभ्यासात पाठभेद नोंदवणाऱ्या पंडिताची शिस्त आणि ही शिस्त यांत मला फरक दिसत नाही. १९९५ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’ या संग्रहाने तर एक पाऊल पुढे टाकून जुन्या लेखकांना आणि कंपन्यांना शोधून परवानग्या मागितल्या. अनेकांनी आनंदाने दिल्या. काहींनी नकार दिला, आणि तो नकारही त्या त्या खेळासमोर नोंदवून फाइल काढून घेतली गेली. अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये जाहीर केले की स्पेक्ट्रमच्या रॉमची, म्हणजे यंत्रात कायम बसवलेल्या मूळ प्रोग्रामची, नक्कल इम्युलेटरसोबत खुशाल वाटा, फक्त त्यातली हक्काची ओळ पुसू नका. एका कंपनीने दाखवलेल्या एवढ्याशा उदारपणामुळे एका अख्ख्या यंत्राचे पुढचे आयुष्य कायदेशीर झाले.

जाणकार यावर म्हणतात की इम्युलेटरवर जे दिसते तो मूळ अनुभव नव्हे. रबरी कळा नाहीत, फुगीर काचेच्या टीव्हीवर रंग जसे एकमेकांत मिसळत तसे मिसळत नाहीत, पाच मिनिटांची वाट नाही. हे मान्यच करायला हवे. पण अनुभव जतन होतो असे कोणत्याच संग्रहाबाबत म्हणता येत नाही. संगीत नाटकाची संहिता जपली म्हणून गॅसबत्तीच्या उजेडातली ती रात्र जपली जात नाही. प्रश्न असा की जे उरले त्यातून काही कळते का. स्पेक्ट्रमच्या बाबतीत पुष्कळ कळते. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके असत. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर नुसत्या पडद्यालाच २४ किलोबाइट लागले असते, म्हणजे सगळ्यात महागड्या यंत्राची निम्मी स्मृती. म्हणून रचनाकारांनी पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या ७६८ चौकटींत विभागला आणि प्रत्येक चौकटीला दोनच रंग दिले, एक शाईचा, एक कागदाचा. पडदा ६,९१२ बाइटांत बसला. किंमत अशी मोजावी लागली की हिरव्या झाडासमोरून लाल माणूस गेला की झाडाचा तुकडा लाल होई. ही डागाळणारी रंगसंगती टाळण्यासाठी खेळ लिहिणाऱ्यांनी ज्या क्लृप्त्या काढल्या त्यांतून त्या यंत्राची शैली घडली. १९८४ मधल्या ‘नाइट लोर’ या खेळाने रंगांचा हट्टच सोडला, प्रत्येक खोली एकाच रंगात, पण तिरक्या कोनातून घन आकारात दाखवली, आणि त्या काळात ते पाहणाऱ्यांना पुढचे युग आल्यासारखे वाटले.

‘एलीट’ची गोष्ट याहून बोलकी आहे. केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल, यांनी तो १९८४ मध्ये ३२ किलोबाइटच्या बीबीसी मायक्रो या संगणकासाठी लिहिला. अंतराळात व्यापार करत फिरायचे. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येक ग्रहाला नाव, राज्यपद्धती, मालाचे भाव. एवढी माहिती त्या स्मृतीत साठवणे अशक्यच, म्हणून ती साठवलेलीच नव्हती. एका बीजसंख्येपासून ठरावीक गणिताने प्रत्येक ग्रह दर वेळी नव्याने, पण दर वेळी तसाच, घडवला जाई. याच रीतीने कोट्यवधी आकाशगंगा देता आल्या असत्या. प्रकाशकाने आठवर थांबवले, कारण फार झाल्या तर मागचे गणित खेळणाऱ्याच्या डोळ्यांत भरले असते. हे आज आपण ऐकीव माहितीवर सांगत नाही. तो प्रोग्राम ओळीओळीवरच्या टिपांसह अभ्यासता येतो. फीत नष्ट झाली असती तर उरल्या असत्या त्या मुलाखती आणि आठवणी, आणि आठवणींवर विसंबण्याइतका मी स्मरणरंजनाचा चाहता नाही.

आठवणींवरचा अविश्वास मात्र या हौशी संग्राहकांनाही लागू केला पाहिजे. त्यांच्या बोलण्यात तो काळ म्हणजे घरोघरी प्रोग्राम लिहिणारी हुशार मुले, असा येतो. बहुतेक घरांत संगणक अभ्यासाच्या नावाखाली आला आणि खेळण्यासाठी वापरला गेला, आणि खेळांतलेही बरेचसे सुमार होते. येथे संग्राहकांची एक खोड उपयोगी पडली. ती म्हणजे पूर्णतेचा हव्यास. प्रेम निवडक असते, पण यादी पुरी करण्याचा हट्ट निवड करत नाही. चांगला, वाईट, टाकाऊ, मासिकात छापलेला दहा ओळींचा प्रोग्राम, सगळे गोळा झाले. कमोडोर ६४च्या ध्वनिचिपसाठी रचलेल्या धुनांचा संग्रह याच हट्टातून पन्नास हजारांच्या पुढे गेला आहे. अशा ढिगातून अभ्यासक स्वतःचे प्रश्न विचारू शकतो, संग्राहकाची आवड त्याच्या आड येत नाही.

यादीच्या बाहेर जे राहिले ते मात्र राहिलेच. स्पेक्ट्रम तयार होत असे स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, टाइमेक्स कंपनीच्या कारखान्यात, आणि जुळणी करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कडव्या संपानंतर तो कारखाना १९९३ मध्ये बंद पडला. डंडी पुढे खेळनिर्मितीचे मोठे केंद्र झाले. ‘लेमिंग्ज’ तिथलाच, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची सुरुवातही तिथलीच. या खेळनिर्मितीच्या गोष्टीला चाहते पुष्कळ. यंत्र जोडणाऱ्या हातांची आठवण काढायला मात्र खेळांचे चाहते फारसे जात नाहीत. तसेच शाळांत चाललेले शैक्षणिक प्रोग्राम, दुकानदारांचे हिशेबाचे प्रोग्राम, स्थानिक संस्थांनी स्वतःपुरते लिहून घेतलेले प्रोग्राम. वापर भरपूर झाला, जीव कोणी लावला नाही, म्हणून मागमूस विरळ. ही या दफ्तरदारीची खरी उणीव आहे आणि ती चाहत्यांच्या उत्साहाने भरून निघणारी नाही.

चोरी ती चोरीच, हा आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. १९८०च्या दशकात एखादा मुलगा घरी बसून खेळ लिहून विकत होता, त्याचे पैसे नकलांनी बुडाले यात वाद नाही. पण तेव्हाची नक्कल आणि आजची नक्कल एका मापाने मोजता येत नाही. तेव्हा समोर विक्रेता होता; आज बहुतेक वेळा विकणाराच नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तिच्यात २०१०पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही रूपात मिळत नाहीत असे आढळले. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, हक्क कोणाकडे आहेत हे हक्कदारांनाच ठाऊक नाही. तरीही संशोधकांना ग्रंथालयातले असे खेळ घरून वापरू द्यावेत ही विनंती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. लोक संशोधनाच्या नावाखाली मौज करतील, ही हक्कदार कंपन्यांची धास्ती होती. पुस्तक वाचताना वाचकाला मजा येईल म्हणून ग्रंथालयाला टाळे लावावे असे आजवर कोणी सुचवलेले नाही. संग्रहालये आता जागी झाली आहेत, इंग्लंडात ब्लेचली पार्कला आणि केंब्रिजला यासाठी स्वतंत्र संस्था आहेत, त्यांचे काम उत्तम आहे. पण त्या उभ्या राहिल्या त्या हौशी लोकांच्या पोटमाळ्यावरच्या खोक्यांवर, आणि त्या खोक्यांतल्या किती प्रती कायद्याने बाद ठरतील हे त्यांनाही माहीत आहे.

भारतात या यंत्रांचा वावर थोडका होता. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकात स्पेक्ट्रम प्लस परवान्याने इथे आणला, आणि केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता योजनेतून १९८४ पासून बीबीसी मायक्रो निवडक शाळांत आले. मराठी मध्यमवर्गाच्या घरात संगणक शिरला तो बऱ्याच नंतर, म्हणून खेळांचे स्मरणरंजन आपल्याकडे तुटपुंजे आहे, आणि त्याबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही. मराठी भाषेचा संगणकाशी पहिला मोठा संसार झाला तो छापखान्यात आणि डीटीपीच्या दुकानात. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक हे सरकारी संगणक-संशोधन केंद्र स्थापन झाले, तिथले जिस्ट तंत्रज्ञान आणि आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचे श्री-लिपी, शिवाय आकृती, ही भारतीय लिप्यांची सॉफ्टवेअर. यांच्या जोरावर १९९० आणि २०००च्या दशकांतली पुस्तके, नियतकालिके, दिवाळी अंक, पत्रिका, अहवाल जुळवले गेले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण छपाईचे सॉफ्टवेअर ती हाताळायला तयार नव्हते. म्हणून प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या हिशेबाने देवनागरीचे तुकडे बसवले; काना इथे, अर्धा र तिथे. योग्य फॉन्ट नसेल तर ती फाइल उघडल्यावर दिसतो तो इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा. आणि अशा बऱ्याच सॉफ्टवेअरना संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात बसवायचे हार्डवेअर लॉक असे. ते पोर्ट आता नव्या संगणकांना नसते. ‘लेन्सलॉक’चे भिंग हरवले तेव्हा एका खेळाची पंचाईत झाली. इथे एका भाषेच्या पंधरा-वीस वर्षांच्या मूळ मजकुराचा सवाल आहे.

छापील अंक ग्रंथालयात आहेत, मग फाइलींचे लोणचे घालायचे आहे का, असे कोणी म्हणेल. छापील प्रतीवरून पुन्हा मजकूर उतरवता येतो, पण जोडाक्षरांपाशी यंत्र अजून चुकते आणि तपासायला माणूस लागतो. मूळ फाइल नीट रूपांतरित झाली तर हा सगळा खटाटोप वाचतो. शिवाय सगळे छापले गेले नव्हते. संपादकांनी गाळलेले लेख, संस्थांची इतिवृत्ते, बोलीतल्या शब्दांच्या याद्या, अप्रकाशित राहिलेली भाषांतरे, लेखकांनी फ्लॉपीवर दिलेला पहिला खर्डा. कायदाही इथे मदतीला येत नाही. ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आली, पण अट अशी की त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. प्रकाशकांनी प्रती जमा करण्याचा १९५४चा कायदा छापील मजकुरापुरता. जे संगणकावरच जन्मले आणि तिथेच राहिले, त्याला वाली नाही. स्पेक्ट्रमला वाली होते ते त्याचे वेडे चाहते. श्री-लिपीच्या फॉन्टवर तसा जीव कोण लावणार?

एक वर्ग आहे, आणि तो अजून हयात आहे. त्या फॉन्टमध्ये रोज आठ-दहा तास जुळवणी केलेले डीटीपी ऑपरेटर. कोणत्या फॉन्टात ‘ऱ्य’ कुठल्या कळांवर आहे, कोणत्या आवृत्तीत रफार हुकतो, कोणत्या फाइलीला पेजमेकर हा पानजुळणीचा प्रोग्राम लागतो, हे ज्ञान कोणत्या पुस्तकात नाही, त्यांच्या बोटांत आहे. तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना, छापखान्यांच्या मालकांना आणि या ऑपरेटरांना विनंती आहे. जुने संगणक, फ्लॉप्या, सीडी भंगारात देण्याआधी त्यांतल्या फाइली नव्या डिस्कवर उतरवून घ्या. फाइलीसोबत तिचा फॉन्टही ठेवा आणि सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती एका साध्या कागदावर लिहून ठेवा. फॉन्टवाचून फाइल निरुपयोगी आहे. लॉक अजून चालत असेल तर आजच पीडीएफ काढा, जमल्यास युनिकोड रूपांतर करा, पण रूपांतर झाले म्हणून मूळ फाइल पुसू नका. आणि एक प्रत आपल्या गावच्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे द्या. घ्यायला ते कां-कूं करतील. तरीही द्या.